पोहता येत नाही, पण प्रवाळ पाहायचेत

पत्राचा सारांश : लेखिका 47 वर्षांच्या आहेत. नवरा, 12 वर्षांची मुलगी आणि 69 वर्षांचे वडील अशा चौघांनी मिळून किनाऱ्यापासून दूर असलेले प्रवाळखडक पाहायला जायचं ठरतंय. मुलीने शाळेत प्रवाळांवर प्रकल्प केला आणि तेव्हापासून तिने हा ध्यास घेतला आहे. लेखिकेला पोहता येत नाही. नवरा तरणतलावात तासभर सहज पोहतो. वडिलांच्या हृदयात काही वर्षांपूर्वी स्टेंट बसवला आहे, तरी ‘मीही पाण्यात उतरणार’ म्हणून ते हटून बसलेत. बोटवाले म्हणतात, ‘पोहता यायची गरज नाही, लाइफ जॅकेट देतो.’ पर्याय दोन आहेत : बेटाला लागून असलेलं उथळ पाणी, नाहीतर बोटीने दीड तास आत असलेली बाहेरची प्रवाळभिंत. ‘लांबचं जास्त सुंदर असणारच, आणि प्रवाळ तर मरत चाललेत, मग आत्ता नाही तर कधी?’ असं त्या लिहितात. वडिलांना कसं थांबवू, आणि माझ्यामुळे सगळ्यांचा विरस नको म्हणून मी बोटीवरच बसून राहू का, असे त्यांचे प्रश्न आहेत.

तुमच्या पत्रात घरातल्या चौघांची तुम्ही मनाशी एक विभागणी करून टाकली आहे. वडील आणि तुम्ही काळजीच्या बाजूला, नवरा आणि मुलगी बिनघोर बाजूला. नवऱ्याबद्दल तर सबंध पत्रात एकच वाक्य आहे, की तो उत्तम पोहतो. मला सुरुवात तिथूनच करायची आहे, कारण ही विभागणी मला पटत नाही.

अमेरिकेच्या हवाई बेटांवर पर्यटकांचे बुडून जे मृत्यू होतात, त्यांत स्नॉर्केलिंग, म्हणजे मास्क लावून आणि तोंडातल्या नळीने श्वास घेत पाण्यावर पालथं तरंगणं, हे सगळ्यात मोठं कारण आहे. तिथे या घटनांचा बारकाईने अभ्यास झाला, तेव्हा पुढे आलेल्या गोष्टी आपल्या अंदाजाच्या उलट होत्या. संकटात सापडलेल्यांपैकी अनेकांना पोहता येत होतं. अनेक घटना जवळपास पाय टेकतील एवढ्या पाण्यात घडल्या. आरडाओरडा नाही, हात हलवणं नाही, माणूस नुसता पालथा तरंगताना दिसायचा आणि जवळच्यांना वाटायचं, मासे बघतोय. बळी जाणाऱ्यांत पन्नाशीच्या आसपासचे आणि त्यापुढचे पुरुष पुष्कळ असतात. यामागचं एक स्पष्टीकरण त्या अभ्यासकांनी असं मांडलं आहे : नळीतून श्वास ओढताना छातीला जास्त जोर लावावा लागतो, त्यात हातपाय जोरात मारण्याचे श्रम मिळाले की फुप्फुसांत झपाट्याने पाणी साठू शकतं. नाकातोंडात समुद्राचं पाणी न जाताही माणूस गुदमरतो.

हे तुम्हाला घाबरवण्यासाठी सांगत नाही. तरणतलावात भिंत असते, तळाशी रेघ असते, लाटा नसतात आणि तोंडात नळी नसते, एवढंच तुमच्या नवऱ्याच्या लक्षात आणून द्यायचं आहे. शिवाय तुमच्या सध्याच्या बेतात बायको, मुलगी आणि सासरे या तिघांकडे लक्ष ठेवायची जबाबदारी न बोलता त्याच्यावरच पडली आहे. एका माणसाला पाण्यात एका वेळी एकाच माणसावर खऱ्या अर्थाने नजर ठेवता येते. म्हणून पोहता कुणाला येतं हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. पाण्यात शांत कोण राहील आणि कोण कुणाजवळ असेल, यावर बेत रचा.

आता बोटवाल्यांचं वाक्य. ‘पोहता यायची गरज नाही’ हे अर्धं खरं आहे. स्नॉर्केलिंगमध्ये अंतर कापायचं नसतंच, पालथं तरंगत खाली बघायचं असतं. खारं पाणी माणसाला चांगलं उचलून धरतं आणि छातीत हवा असली की शरीर सहसा आपोआप वर राहतं. पण मास्कमध्ये पाणी शिरलं, लाट नळीवरून गेली आणि घशात खारट घोट आला, किंवा मान वर केली आणि बोट वाटली होती त्यापेक्षा बरीच लांब दिसली, तर पुढे काय करायचं, हे त्या वाक्यात येत नाही. अशा वेळी लाइफ जॅकेट तुम्हाला बुडू देणार नाही. घाबरू मात्र देईल.

श्वासाचं थोडं समजून घ्या, त्याने पुढचं सगळं सोपं होतं. उच्छ्वासातली थोडी हवा नळीत उरते आणि पुढच्या श्वासाबरोबर तीच आत येते. श्वास लांब आणि सावकाश असेल तर त्याने काही बिघडत नाही. भीतीने श्वास उथळ आणि भराभर झाला, की तीच वापरलेली हवा आतबाहेर होत राहते, हवा पुरत नाही असं वाटतं, मग माणूस आणखी भराभर श्वास घेतो. पाण्यातला गोंधळ बहुतेक वेळा या चक्रातून सुरू होतो. ते तोडायची युक्ती उच्छ्वासात आहे : पूर्ण, लांब, शेवटपर्यंत सोडलेला उच्छ्वास. आत घ्यायचा श्वास मग आपला आपण येतो.

हे बोटीवर दहा मिनिटांत शिकता येत नाही. तरणतलावात दीड-दोन महिने, आठवड्यातून दोन-तीनदा गेलात तर नक्की येतं, आणि त्यासाठी पट्टीचं पोहणं शिकावं लागत नाही. छातीएवढ्या पाण्यात उभं राहून मास्क आणि नळी लावा, चेहरा पाण्यात घाला आणि नुसते श्वास मोजा. ते अंगवळणी पडलं की मुद्दाम मास्कमध्ये थोडं पाणी घ्या. वरची कड कपाळाशी दाबून नाकाने जोरात हवा सोडली की ते खालून निघून जातं. नळीत पाणी भरून ते एका फुंकरीत उडवायला शिका. मग सगळ्यात महत्त्वाचं : मास्क काढून ठेवा, नाक पाण्यात उघडं ठेवा आणि तोंडातल्या नळीतून श्वास चालू ठेवा. पहिल्यांदा जीव कासावीस होईल. नाकाला पाणी लागताच श्वास कोंडावा असं शरीराला वाटतं. ते वाटणं ओसरेपर्यंत पाय टेकलेले ठेवून करत राहा. इथे ज्याची भीती मोडली त्याची समुद्रातली अर्धी भीती मोडली. शेवटी, पालथ्यावरून उताणं व्हायचं, नळी तोंडातून काढायची आणि आकाशाकडे बघत आरामात श्वास घेत तरंगायचं. तशाच उताण्या अवस्थेत पाय हलवत पन्नासेक मीटर जाता आलं की माझ्या मते तुम्ही उथळ, शांत पाण्यासाठी तयार आहात. नवऱ्यानेही हाच क्रम करावा, त्याला कितीही पोहता येत असलं तरी. आणि मुलीने तर करावाच.

लाइफ जॅकेटही एकदा तलावात वापरून बघा. जाडजूड जॅकेट माणसाला उभं धरतं, पालथं होऊ देत नाही. चेहरा पाण्यात ठेवण्यासाठी मग मानेला झगडावं लागतं आणि पाय खाली लोंबकळतात. स्नॉर्केलिंगसाठी तोंडाने फुगवायचं पातळ जॅकेट मिळतं. हवा कमी-जास्त करता येते, म्हणून ते बरं. नाहीतर हाताखाली धरायची तरंगती कडी किंवा फोमची लांब नळी. बोटवाल्यांकडे यातलं काय आहे ते आधीच विचारा.

लोंबकळणाऱ्या पायांचा उल्लेख मी सहज केलेला नाही. घाबरलेला माणूस पहिली गोष्ट शोधतो ती पाय टेकायला जागा. आणि प्रवाळखडकावर पायाखाली जे येतं ते जिवंत असतं. जो दगड दिसतो त्याच्यावर मिलिमीटरभर ते काही सेंटिमीटर आकाराच्या शेकडो-हजारो प्राण्यांचं पातळ, नाजूक आवरण असतं. दगड त्यांनीच बांधलेला असतो. घुमटासारखी वाढणारी प्रवाळं वर्षाला साधारण 0.3 ते 2 सेंटिमीटर वाढतात, फांद्यांसारखी भराभर वाढणारी जास्तीत जास्त 10 सेंटिमीटरच्या आसपास. फिनच्या, म्हणजे पायात घालायच्या वल्ह्यासारख्या पट्टीच्या, एका फटक्यात मोडलेली वीतभर फांदी भरून यायला काही वर्षं जातात. मोडलं नाही तरी खरचटलेल्या जागी शेवाळ आणि रोग शिरतात. इकडे आपल्याला प्रवाळाने कापलं तर ती जखमही चिघळते आणि लवकर भरत नाही. त्यामुळे तरणतलावातले ते दोन महिने तुम्ही स्वतःसाठी जेवढे देणार आहात तेवढेच त्या प्रवाळांसाठी देणार आहात. मुलीला हे असं सांगितलंत तर ती तुमच्याआधी तलावावर जाऊन उभी राहील, अशी माझी खात्री आहे.

‘लांबचं जास्त सुंदर असणारच’ यातला ‘च’ मला काढावासा वाटतो. बाहेरच्या खडकांवर पाणी सहसा जास्त स्वच्छ असतं, हे खरं. नद्यांचा गाळ तिथवर पोचत नाही. पण स्नॉर्केल करणाऱ्याचं जग वरच्या चार-पाच मीटरचं असतं. पाण्यात लाल रंग सगळ्यात आधी विरतो, तो पहिल्या काही मीटरमध्येच. त्याखाली सगळं निळसर होत जातं. तुमच्यासाठी सगळ्यात सुंदर खडक म्हणजे उथळ, उन्हाने उजळलेला आणि लाटांपासून आडोशाला असलेला खडक. तो किनाऱ्यापासून किती लांब आहे याच्याशी त्याचा फारसा संबंध नाही. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरचा निंगालू खडक काही ठिकाणी किनाऱ्याच्या इतका जवळ आहे की लोक वाळूवरून चालत पाण्यात शिरतात आणि थोड्याच अंतरावर प्रवाळ सुरू होतात. त्याच देशाच्या पूर्वेला 2,300 किलोमीटर पसरलेल्या ग्रेट बॅरियर रीफच्या बाहेरच्या कडेला जायचं तर बहुतेक ठिकाणांहून बोटीचा मोठा प्रवास करावा लागतो. दोन्हीही जगातल्या उत्तम जागा मानल्या जातात. मालदीवसारख्या कंकणाकृती बेटसमूहांत आतलं पाणी तळ्यासारखं शांत असतं, पण बाहेरच्या समुद्राला जोडणाऱ्या खिंडींत भरती-ओहोटीची ओढ इतकी जोरदार असते की चांगल्या पोहणाऱ्याचंही काही चालत नाही. एकाच ठिकाणी दोन इतके वेगळे समुद्र असतात. म्हणून ‘तिथे शांत असतं का’ असं मोघम विचारू नका. नेमक्या कोणत्या जागी, भरतीच्या कोणत्या वेळी, असं विचारा.

बाहेरच्या भिंतीचं आणखी एक. तिथे खडक एकाएकी संपतो आणि खाली गडद निळं, तळ न दिसणारं पाणी सुरू होतं. सवय असलेल्यांना तो क्षण फार आवडतो. नवख्या माणसाच्या पोटात गोळा येतो. त्यात दीड तास बोटीने जाताना बोट लागली असेल तर माणूस पाण्यात उतरतो तोच गळून गेलेला. माझं मत स्पष्ट आहे : पहिले दोन दिवस बेटालगतच्या उथळ पाण्यात घालवा. ते छान गेले, वारा पडलेला असला आणि अजून हौस उरली, तर बाहेरच्या भिंतीचा दिवस ठेवा. आधीच पैसे भरून तो दिवस पक्का करू नका.

मुलीला रंगांबद्दलही आधीच सांगून ठेवा. जाहिरातीतल्या चित्रांत प्रवाळ जांभळे, गुलाबी, झगझगीत निळे दिसतात. तसेही असतात. पण निरोगी प्रवाळांचा मोठा भाग तपकिरी, शेवाळी, मोहरीच्या रंगाचा असतो, कारण त्यांच्या पेशींत राहून त्यांना अन्न पुरवणाऱ्या सूक्ष्म शैवालांचा तोच रंग. हे माहीत नसलं की पोरं निराश होतात आणि निरोगी खडकालाच मेलेला समजतात. रंगांची उधळण माशांमध्ये बघायची. आणि कान उघडे ठेवायचे! खडकावर सतत एक तडतड ऐकू येते, ती लहानशा कोळंब्यांच्या नांग्यांची. पोपटमासा खडक कुरतडतो त्याचा कडकड आवाजही पाण्यात स्पष्ट येतो. याबद्दल कुणी आधी सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

‘आत्ता नाही तर कधी’ या घाईमागचं दुःख मला समजतं, आणि ते खोटं नाही. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यातल्या कमाल तापमानापेक्षा अंशभर जरी जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, तरी प्रवाळ आपल्यातलं शैवाल बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. जगभर एकाच वेळी असं होण्याची चौथी घटना चालू असल्याचं एप्रिल 2024 मध्ये जाहीर झालं. आधीच्या तीन 1998, 2010 आणि 2014 ते 2017 या काळातल्या. या चौथ्या वेळी जगातल्या प्रवाळखडकांच्या सुमारे 84 टक्के क्षेत्राला अशी झळ लागली आहे. पण पांढरं पडणं म्हणजे मरणं नव्हे. पाणी वेळेत निवलं तर शैवाल परततं आणि प्रवाळ सावरतो, अशक्त झालेला असला तरी. तुम्ही सहा महिने उशिरा गेलात म्हणून तुमच्या मुलीचं काही हुकणार नाही. तयारी न करता गेलात तर हुकेल. पाण्यात शिरल्यावर दोन मिनिटांत घाबरून बाहेर आली, तर ती आठवण तिच्या प्रवाळप्रेमाला वर्षानुवर्षं चिकटून राहील.

वर्षापेक्षा महिना जास्त महत्त्वाचा. सगळ्यात तापलेल्या पाण्याचे आठवडे टाळा, तेव्हा प्रवाळ आधीच ताणाखाली असतात. पावसाळी वाऱ्यांचा आणि चक्रीवादळांचा हंगाम टाळा. काही ठिकाणी हंगामी प्राण्यांचाही विचार करावा लागतो : उत्तर ऑस्ट्रेलियाच्या समुद्रात साधारण नोव्हेंबर ते मे प्रखर विषाचे बॉक्स जेलीफिश असतात, तेव्हा अंगभर झाकणारा सूट घालूनच पाण्यात उतरतात. जिथे जाल तिथला असा हंगाम कोणता, हे तिकीट काढायच्या आधी विचारायचं.

आता वडील. तुम्ही विचारलंत, त्यांना कसं थांबवू. थांबवायचंच आहे हे तुम्ही आधीच ठरवून टाकलंत, आणि मला वाटतं त्यांचा हट्ट निम्मा त्यामुळेच आहे. त्यांना घेऊन त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांकडे जा, पण प्रश्न नीट विचारा. ‘प्रवास करू शकतात का?’ याला डॉक्टर सहज हो म्हणतील. विचारायचं ते असं : मानेपर्यंत पाण्यात, पालथं तरंगत, नळीतून श्वास घेत, अधूनमधून जोराने पाय मारत, रुग्णालयापासून दोन-तीन तासांच्या अंतरावर. चालेल का? पाण्यात शिरलं की दाबामुळे पायांतलं रक्त छातीकडे ढकललं जातं आणि हृदयाचं काम वाढतं. पाणी गार असेल तर रक्तदाबही चढतो. चालू औषधांची पूर्ण यादी सोबत न्या. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर खरचटण्याचाही विचार करावा लागतो. हे सगळं वडिलांनी स्वतः ऐकावं, तुमच्या तोंडून नको.

डॉक्टरांनी परवानगी दिली, तर लांबच्या विमानप्रवासानंतर लगेच पाण्यात उतरायचं नाही, एक-दोन दिवस जाऊ द्यायचे. तलावाचा सराव त्यांनीही केलेला हवा. उथळ पाण्यात, तरंगती कडी धरून, ती कडी ओढायला खास त्यांच्यासाठी एक गाइड, आणि दहा-पंधरा मिनिटं. बोटीवर जो आरोग्याचा फॉर्म भरून घेतात त्यात स्टेंट लपवायचा नाही. हे निक्षून सांगते, कारण उतरू देणार नाहीत या भीतीने लोक सर्रास लपवतात. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात तर हृदयविकार असलेले किंवा वयस्क पाहुणे ओळखू यावेत म्हणून त्यांना वेगळ्या रंगाचं काहीतरी घालायला देतात आणि पहारेकरी त्यांच्यावर जास्त लक्ष ठेवतो. यात कमीपणा कसला?

डॉक्टर नको म्हणाले, तर काचेच्या तळाची बोट किंवा खिडक्यांची अर्धपाणबुडी हे खरोखर चांगले पर्याय आहेत. ते शेवटच्या क्षणी समजूत घालण्यासाठी पुढे करू नका. पहिल्या दिवशीची पहिली फेरी सगळ्यांनी मिळून काचेच्या बोटीतूनच करा. खाली काय आहे ते पाण्यात उतरण्याआधी दिसलेलं तुम्हालाही उपयोगी पडेल.

पूर्ण चेहरा झाकणारा मास्क घ्यावा का, असं तुम्ही ताजा कलम म्हणून विचारलंय. नाकाने श्वास घेता येतो म्हणून तो नवख्यांना आणि वयस्कांना फार सोयीचा वाटतो. तरी मी नको म्हणेन. पाणी शिरलं तर साधी नळी तोंडातून थुंकून टाकता येते, तसा हा टाकता येत नाही. पट्टे सोडवून उतरवावा लागतो. आणि झडपा नीट नसतील तर वापरलेली हवा आतच साठते. काही बोटवाले तो वापरूच देत नाहीत.

एक नियम चौघांनी पाठ करा. श्रम न करता धाप लागली, एकदम थकवा आला, हातपाय गळाल्यासारखे झाले, तर त्याच क्षणी नळी काढायची, उताणं व्हायचं, हात वर करायचा आणि बाहेर यायचं. ‘दोन मिनिटांत बरं वाटेल’ म्हणून थांबायचं नाही. हा नियम नवऱ्याला सगळ्यात अवघड जाईल. त्याच्याकडून तो कबूल करून घ्या.

पाण्यातल्या जोड्या घरीच ठरवा. नवरा मुलीबरोबर, हात लांब केला की लागेल इतक्या अंतरावर, आणि त्या वेळी बाकी कुणाची जबाबदारी त्याच्यावर नाही. तुम्ही गाइडबरोबर. वडील एकतर त्यांच्या गाइडबरोबर, नाहीतर वर. सगळे एकदम उतरू नका. मुलीला एक गोष्ट आवर्जून सांगा : खाली बुडी मारण्याआधी भराभर खोल श्वास घ्यायचे नाहीत. मुलांना वाटतं त्याने जास्त वेळ दम धरता येतो. प्रत्यक्षात श्वास घ्यायची सूचना देणारा कार्बन डायऑक्साइड कमी होतो, सूचना मिळतच नाही, आणि पाण्याखाली शुद्ध हरपते.

बोटवाल्यांना फोन कराल तेव्हा किमतीच्या आधी हे विचारा : एका गाइडमागे पाण्यात किती जण असतात, सगळे पाण्यात असताना बोटीवरून नुसतं बघत राहणारा माणूस कोण, प्राणवायू आणि हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र बोटीवर आहे का, वारा किती वाढला की फेरी रद्द करता. परतताना डोकी कशी मोजता हेही विचारा. 1998 साली ग्रेट बॅरियर रीफवर दोन डायव्हर पाण्यातच राहिले आणि बोट त्यांना सोडून परतली. ते कधीच सापडले नाहीत. त्यानंतर तिथे माणसं मोजण्याचे नियम कडक झाले. शेवटचा प्रश्न नांगराचा. खडकाजवळ नांगर टाकता की कायम बांधलेल्या तरंगत्या खुणेला बोट बांधता? जो प्रवाळांवर नांगर टाकतो तो माणसांचीही फारशी काळजी घेत नाही, असं माझं मत आहे. ‘काही टेन्शन घेऊ नका’ हे यांतल्या कुठल्याच प्रश्नाचं उत्तर नाही. तसं उत्तर आलं तर दुसरीकडे फोन करा.

सामानाबद्दल थोडक्यात. मास्क स्वतःचा घ्या, बाकी भाड्याने चालेल. पट्टा न लावता मास्क चेहऱ्याला टेकवून नाकाने हवा ओढायची. हात सोडल्यावरही चिकटून राहिला तर तो तुमचा. मिशा असतील तर पाणी झिरपणार, वडिलांना आधी सांगा. चष्म्याच्या नंबरचे मास्क मिळतात. पाण्यात सगळं सुमारे एक चतुर्थांश जवळ दिसतं, म्हणून ‘हात लागणार नाही’ या अंदाजावर विसंबू नका. बोट लागू नये म्हणून घ्यायच्या गोळ्यांनी झोप येते, तेव्हा डॉक्टरांना विचारून घरीच एकदा घेऊन बघा. लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट आणि पायभर विजार घाला. पालथं तरंगताना उन्हाने पाठ आणि पोटऱ्या भाजतात तशा दुसऱ्या कशाने भाजत नाहीत, आणि जेवढं अंग झाकलं तेवढं सनस्क्रीन कमी लागतं. प्रवाळांना घातक मानली जाणारी ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही रसायनं असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर हवाईत 2021 पासून बंदी आहे, प्रशांत महासागरातल्या पलाऊ या देशाने तर त्याच्या वर्षभर आधीच अशी बंदी आणली. डबीवर ‘प्रवाळांना सुरक्षित’ लिहिलेलं असतं त्याला ठरलेलं असं कुठलंही प्रमाण नाही, म्हणून मागची घटकांची यादी वाचा.

पाण्यात पहिली खेप दहा-पंधरा मिनिटांचीच करा. कोमट वाटणारं पाणीसुद्धा हवेपेक्षा कितीतरी वेगाने अंगातली ऊब काढून घेतं, त्यामुळे मुलीचे ओठ निळे दिसायची वाट बघू नका. पाण्याला ओढ असेल तर आधी ओढीच्या विरुद्ध जा, म्हणजे थकल्यावर परतताना ती मदतीला असते. पूर्ण ओहोटीला खडकावर पाणी इतकं कमी उरतं की पोट घासतं, ती वेळ टाळा. कासव दिसलं तर पाठलाग नको. त्याला श्वासासाठी वर यावंच लागतं आणि आपण वाट अडवतो. शंकूच्या आकाराचे सुंदर नक्षीचे शंख उचलायचे नाहीत, त्यांतल्या काहींचं विष माणसाला मारू शकतं. सोपं म्हणजे कशालाच हात लावायचा नाही.

आणि तुम्ही बोटीवर बसावं का? ते आज ठरवू नका. तलावात मास्क काढून नळीतून शांतपणे श्वास घेता यायला लागला की मग ठरवा. आला तर गाइडबरोबर उतरा. नाही आला तर वर थांबा, पण पाहुणी म्हणून नको. नवरा आणि मुलगी पाण्यात असताना त्यांच्यावरून नजर न हटवणारं माणूस बोटीवर लागतंच. फोन पिशवीत ठेवायचा आणि दर मिनिटाला दोन्ही डोकी कुठे आहेत ते बघायचं. हे काम तुमच्याकडे असेल तर नवऱ्याला तसं सांगून ठेवा, म्हणजे तोही अधूनमधून तुमच्याकडे बघून खूण करील.

सहलीत एक दिवस मोकळा ठेवा, सगळ्यात शेवटचा नको, मधला. समुद्र खवळला आणि बोटवाल्याने फेरी रद्द केली तर त्याच्याशी हुज्जत न घालता तो दिवस वापरता येईल. निघायच्या आदल्या संध्याकाळी वारा आणि लाटांचा अंदाज मुलीलाच बघायला सांगा. बारा वर्षांच्या मुलीला ते सहज समजतं, आणि जायचं नाही असा निर्णय तिने स्वतः आकडे बघून घेतला तर दुसऱ्या दिवशी सकाळी रडारड होत नाही.